पालाद्रूच्या तळ्यातली माणसं

नमस्कार, श्रोतेहो.

मागच्या सप्टेंबरात भाचीकडे गेले होते, फ्रान्समध्ये ग्रेनोबलला. ती तिथं शिकते. दोन-तीन दिवस शहर दाखवून झालं, चर्च झाली, किल्ला झाला, माझे गुडघे बोलायला लागले. मग एका शनिवारी म्हणाली, "मावशी, आज चालायचं नाही. आज तळ्याकाठी नुसतं बसायचं." व्हारों नावाच्या स्टेशनापर्यंत आगगाडी, तिथून पुढं बस. चढण चढत बस डोंगराच्या कुशीत शिरते आणि शाराविन नावाचं गाव येतं. एक चर्च, दोन-चार खाणावळी, एक पाववाला, आणि गाव संपलं की तळं.

या तळ्याचं नाव पालाद्रू. हिमनदीनं कोरलेली ही लांबट घळ. लांबी साडेपाच किलोमीटरांच्या आसपास, रुंदी मात्र जेमतेम अर्धा-पाऊण किलोमीटर. खोली कुठं कुठं छत्तीस मीटर. समुद्रसपाटीपासून जवळजवळ पाचशे मीटर उंचीवर असल्यामुळं हवा गार. आजूबाजूच्या मुलखाला तिथले लोक 'थंड जमिनी' असंच म्हणतात. पाण्याचा रंग निळा म्हणावा तर हिरवा, हिरवा म्हणावा तर निळा. पैठणीच्या पदराला असतो ना धूपछाव रंग, तसा. काठावर पाच लहान गावं होती. त्यातल्या पालाद्रू आणि ल पँ या दोन गावांनी 2017 साली एकच ग्रामपंचायत केली आणि तिचं नावच ठेवलं 'पालाद्रू तळ्याची गावं'. आणखी एक गंमत म्हणजे हे अख्खं तळं खासगी मालकीचं आहे. भागधारकांची एक संस्था त्याची मालक. तळ्याचेसुद्धा शेअर असतात हे मला त्या दिवशी कळलं!

तर आम्ही बसलो. बसल्या बसल्या भाचीनं गोष्ट काढली. या तळ्याच्या तळाशी एक गाव आहे म्हणे. आर्स नावाचं. तळ्याच्या वरच्या अंगाला, ल पँच्या रानात, 1116 साली मौनव्रती साधूंचा एक मठ उभा राहिला. सिल्व बेनीत, म्हणजे पवित्र अरण्य. आर्सच्या लोकांनी या साधूंशी दावा मांडला, त्यांना छळलं, आणि देवानं एका रात्रीत गाव पाण्याखाली घातलं. तेव्हापासून पाणी शांत असलं की खालून घंटा ऐकू येते. अशा गोष्टी तळ्याकाठच्या बहुतेक गावांत असतात, त्यामुळं मी 'हं हं' करत होते. पण इथं एक अडचण होती. कोळ्यांना तळाशी खरोखर खांब दिसत. एक-दोन नव्हे, रांगच्या रांग. पाणी ओसरलं की काही खांबांची डोकी वर यायची. मग आर्स नाही म्हणायचं तर हे खांब कुणाचे?

या प्रश्नाच्या उत्तरासाठीच आज मी तुमच्यासमोर बसले आहे.

1854 साली स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या तळ्याचं पाणी खूप उतरलं आणि तिथं खांबांवरच्या आदिम वस्तीचे अवशेष सापडले. झालं, साऱ्या युरोपातले विद्वान आपापल्या तळ्यांत डोकावायला लागले. पालाद्रूकडे एर्नेस्त शाँत्र नावाचे अभ्यासक आले आणि 1871 मध्ये त्यांनी इथल्या खांबांवर पुस्तक काढलं. पुढं 1921 साल फ्रान्समध्ये फार कोरडं गेलं. तळं आटलं, काठ उघडा पडला, आणि ग्रेनोबलच्या दोफिने संग्रहालयाचे संस्थापक इपोलित म्यूलेर तिथं पोचले. खांब पुष्कळ होते, वस्तू हाती येत होत्या, पण खरं काम पाण्याखाली होतं आणि पाण्याखाली खोदायचं कसं हे अजून कुणाला येत नव्हतं. ते जमायला 1972 साल उजाडावं लागलं.

पाण्याखालची खोदाई कशी करतात हे मी पालाद्रू गावातल्या संग्रहालयात कितीतरी वेळ बघत उभी होते. तळ्याच्या तळाशी चुनखडीचा पांढरा, मऊ गाळ असतो. त्याला बोट लावलं की दुधासारखं सगळं गढूळ. समोरचा हात दिसत नाही. मग या लोकांनी काय केलं? पंपानं स्वच्छ पाण्याचा एक झोत पाणबुड्याच्या बाजूनं सोडायचा. तो गढूळपणा पुढं वाहून नेतो आणि कामाच्या जागी पाणी निवळ राहतं. तळावर धातूच्या नळ्यांचे मोठे त्रिकोण मांडायचे, म्हणजे कोणती वस्तू नेमकी कुठं मिळाली ते मापून टिपता येतं. आणि खोदायचं ते हातांनी. फावडं नाही, कुदळ नाही. थंड पाण्यात पालथं पडून बोटांनी गाळ बाजूला सारायचा. असं वर्षानुवर्षं. शाराविनजवळच्या कोल्तिएर या जागी मिशेल कोलार्देल आणि एरिक व्हेर्देल या दोघांनी ही खोदाई तीसहून जास्त वर्षं चालवली.

निघालं काय? आर्स नाहीच. आदिमानवही नाही. निघाली ती इसवी सन 1000 च्या सुमाराची एक वस्ती. मोठी लाकडी घरं तीन, भोवती लाकडी मेढेकोट. शंभरेक माणसं राहत असावीत असा अंदाज.

वर्ष इतकं नेमकं कसं कळलं, तर खांबांनीच सांगितलं. झाड दर वर्षी एक वलय धरतं. पाऊसपाणी बरं झालं की वलय जाड, दुष्काळ पडला की बारीक. जाड-बारीक वलयांचा हा क्रम एका भागातल्या सगळ्या ओक वृक्षांत सारखा उमटतो. जुन्या लाकडांचे असे क्रम एकमेकांना जोडत मागं मागं गेलं की शतकानुशतकांचं पंचांग तयार होतं. खांब कापायचा, वलयं मोजायची, पंचांगाशी ताडून बघायची. शेवटचं वलय सालीपाशी शाबूत असेल तर झाड कोणत्या हिवाळ्यात तोडलं तेही कळतं. कोल्तिएरची पहिली झाडं तोडली गेली 1003 च्या सुमाराला. 1040 उजाडेपर्यंत वस्ती रिकामी. म्हणजे सगळा खेळ पस्तीस-चाळीस वर्षांचा. एक पिढी आणि तिची मुलं.

आता जरा त्या घरात चला.

दाराशी चामड्याचे जोडे. आत मडकी, लाकडी वाडगे, चमचे. विळे, मासे धरायचे गळ, सूत कातायच्या लाकडी चात्या. खाण्याच्या उष्ट्या-खरकट्यात गहू, राय, ओट; अक्रोडाची टरफलं, पीचच्या आणि आलुबुखाराच्या बिया. हाडांमध्ये सर्वांत जास्त डुकराची. हरणाचं, रानडुकराचं हाड जवळजवळ नाहीच. आसपास सगळं रान असून शिकार नाही! माणसं पोटापुरतं पिकवून, पाळून खात होती, मासे धरत होती. इसवी सन 1000 मधला युरोप म्हणजे उपासमार, अंधार, जगबुडीची भीती, असं आपण शाळेत शिकतो. या खरकट्याकडे बघून तसं वाटत नाही.

पण याच घरात घोड्याचे नाल निघाले. लगाम निघाले. घोड्याला टाच मारताना टोचायची लोखंडी आर निघाली. भाले निघाले. म्हणजे नांगर धरणारा तो एक आणि घोड्यावर बसून भाला पेलणारा दुसरा, असं या वस्तीत नव्हतं. एकाच छपराखाली दोन्ही. उत्खनन करणाऱ्यांनी या लोकांना नाव दिलं 'इसवी सन हजारचे शेतकरी-सरदार', आणि फ्रान्समध्ये ते नाव चांगलंच रुळलं. आपल्याकडे स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन येणाऱ्याला शिलेदार म्हणत. मला आपला तोच शब्द आठवला, पण ही तुलना मी पुढं ताणणार नाही, कारण यांचा राजा वेगळा, रीत वेगळी. आणि राजा म्हणाल तर तो फ्रान्सचाही नव्हता बरं का. त्या काळी हा मुलूख बर्गंडीच्या राज्यात होता, गादीवर तिसरा रुडॉल्फ. तो 1032 मध्ये वारला आणि राज्य जर्मन सम्राटाकडे गेलं. ज्या दोफिने प्रांतात हे तळं येतं तो फ्रान्सच्या राजघराण्याकडे आला थेट 1349 मध्ये. आपण सहज 'फ्रान्समधलं गाव' म्हणून मोकळं होतो, एवढंच.

ज्या वस्तूपाशी मी सर्वांत जास्त रेंगाळले ती मात्र तलवार नव्हे की भाला नव्हे. बुद्धिबळाच्या सोंगट्या! लाकडाच्या, एवढ्या एवढ्या, मुठीत मावतील अशा. हा खेळ आपल्याकडे चतुरंग म्हणून सुरू झाला. इराणात गेला, तिथून अरबांकडे, आणि अरबांकडून युरोपात. प्रवासात एकेका सोंगटीचं काय काय झालं बघा. चतुरंगातला हत्ती अरबीत झाला फील. हा फील फ्रेंचांच्या कानाला लागला तो 'फू' होऊन, आणि फू म्हणजे त्यांच्या भाषेत वेडा, विदूषक. त्याच सोंगटीला आपण आता उंट म्हणतो. आणि ज्याला आपण हत्ती म्हणतो तो त्यांच्याकडे बुरूज. चला, कुठं हत्ती आणि कुठं वेडा. पण 1020-30 च्या एखाद्या हिवाळी रात्री, बाहेर बर्फ पडत असताना, नांगराचे घट्टे पडलेल्या हातानं कुणीतरी या तळ्याकाठी हा आपला हत्ती तिरका सरकवला होता. काचेपलीकडच्या त्या सोंगटीकडे बघताना मला जरा घरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

आणि वाद्यं. आपण रेडिओवर आहोत म्हणून हे सांगायलाच हवं. बासरी मिळाली, सनईच्या कुळातलं एक वाद्य मिळालं. सूर कसे लागत असतील कोण जाणे, पण संध्याकाळी या मेढेकोटाच्या आत वाजवणारं कुणी होतं आणि ऐकणारं कुणी होतं. तुमच्या-माझ्यासारखंच.

मग ही भरली घरं सोडून ते गेले का? शत्रू आला नाही, रोगराई आली नाही. पाणी आलं. इसवी सन 1000 च्या आगेमागे हवा थोडी उबदार, कोरडी होती. तळं खाली गेलं, काठ मोकळा झाला, म्हणून तर यांना तिथं घर बांधता आलं. पुढं पाऊसमान वाढलं, पाणी चढायला लागलं. आधी अंगणात, मग उंबऱ्यात. माणसं उठली आणि पुष्कळ काही मागं सोडून गेली. त्यानंतरच्या काळात आजूबाजूच्या टेकड्यांवर मातीचे उंचवटे रचून गढ्या उभ्या राहिल्या. मोठे सरदार मोठे झाले, लहान होते ते त्यांचे आश्रित झाले. जवळच शिरान गावात क्लेर्माँ घराण्याचा पंचकोनी बुरूज अजून उभा आहे. त्या घराण्याच्या वंशावळी आहेत, कागद आहेत, मानसन्मान आहेत. कोल्तिएरच्या माणसांचं एकही नाव कुठल्या चर्मपत्रावर नाही. पण क्लेर्माँ घराण्यातला कुणी जेवताना कोणता चमचा वापरायचा ते आपल्याला माहीत नाही आणि या निनावी माणसांचा चमचा मी डोळ्यांनी पाहिला.

चमचा टिकला कसा? कोरड्या जमिनीत लाकूड, चामडं, लोकर काही राहत नाही, मडकी आणि लोखंड तेवढं राहतं. इथं सगळं चुनखडीच्या गाळात बुडालं. तिथं हवा नाही, हवा नाही म्हणून कुजवणारे जंतू नाहीत. पण बाहेर काढलं की खरी पंचाईत. हजार वर्षं पाणी प्यायलेलं लाकूड आतून पोकळ झालेलं असतं, नुसत्या पाण्यानं आकार धरून असतं. वाळलं की सुरकुतून कोळसा. ग्रेनोबलला अणुसंशोधन केंद्रात या कामाला वाहिलेली एक प्रयोगशाळा आहे, आर्क-न्युक्लेआर. तिथं लाकडातलं पाणी काढून त्या जागी मेणासारखं रसायन मुरवतात. काही वस्तूंमध्ये राळ भरतात आणि गॅमा किरणांनी ती आतल्या आत घट्ट करतात. अणुशास्त्रज्ञ मंडळी एका शेतकऱ्याचा चमचा दुरुस्त करत बसली आहेत, हे चित्र मला फार आवडलं.

शाराविन गावातच दुसरी एक जागा आहे, तिचं नाव ले बेन्यर, म्हणजे आंघोळ करणारे. उन्हाळ्यात लोक जिथं डुंबतात त्याच्याच खाली इसवी सनापूर्वी 2700 च्या आसपासची शेतकऱ्यांची वस्ती सापडली. एमे बोके यांनी ती 1972 पासून खोदली. तिथला गारगोटीचा एक खंजीर आहे, त्याची मूठसुद्धा शाबूत, वेताच्या पट्ट्या गुंडाळलेली. आणि ही गारगोटी इथली नाही. ती आली पश्चिमेकडच्या तूरेन प्रांतातून, शेकडो किलोमीटरांवरून. या एका खंजिरावर वेगळं भाषण होईल, तेव्हा आज इथंच थांबते.

संग्रहालयाबाहेरही बघण्यासारखं आहे. इथल्या जुन्या घरांच्या आणि कोठारांच्या भिंती मातीच्या आहेत. विटा नाहीत. दोन फळ्यांचा साचा उभा करायचा, त्यात ओलसर माती थराथरानं टाकायची आणि धुमसानं चोपत जायचं. खाली गोट्यांचा पाया, वर चारी बाजूंनी उतरतं तीव्र छप्पर. पाया कोरडा आणि डोकं झाकलेलं असलं की अशी भिंत दोनशे वर्षं सहज उभी राहते. मी एका भिंतीवर हात फिरवला. फळीच्या सांध्यांच्या आडव्या रेघा अजून दिसतात. साधूंच्या त्या मठाचं फारसं उरलं नाही, क्रांतीनंतर तो गेला, पण त्यांचं धान्याचं प्रचंड कोठार उभं आहे आणि आता तिथं चित्रांची प्रदर्शनं भरतात.

आणि फ्यूर नदी. शाराविनला तळ्याचं जादा पाणी या नदीतून बाहेर पडतं आणि उतारानं धावत इझेर नदीला मिळतं. नदी कसली, ओढाच. पण मागं तळ्याची टाकी असल्यामुळं बारमाही. या ओढ्यावर शतकानुशतकं लोहारांचे घण चालले. या ओढ्याकाठच्या रिव्ह गावचं पोलाद तलवारींसाठी नावाजलेलं होतं. पुढं कागदाचे कारखाने आले, विळे-कोयते घडवणारे आले, रेशमाचे माग आले. एकोणिसाव्या शतकात कारखानदारांनी तळ्याच्या तोंडाशी दारं बसवली आणि पाणी किती सोडायचं ते ठरवून घेतलं. ज्या पाण्यानं कोल्तिएरच्या लोकांना घालवून दिलं त्याला शेवटी कुलूप लागलं. आता बहुतेक घण थांबले आहेत.

तळ्यातून निघालेल्या वस्तूंसाठी पालाद्रू गावात 2022 मध्ये नवं संग्रहालय उघडलं. काचेची मोठी खिडकी तळ्याकडे तोंड करून आहे. चमच्याकडे बघताना मागं पाणी दिसत राहतं. आणि त्या पाण्याखाली आणखी दोन वस्त्या आहेत याच काळातल्या. त्या अजून बहुतांशी तशाच आहेत. त्यातल्या एकीचं नाव काय असेल? प्रे दार्स. आर्सचं कुरण. साधू येण्याच्या पाऊणशे वर्षं आधीच बुडालेलं गाव, पण म्हातारीच्या गोष्टीनं गाव बुडालं एवढं बरोबर लक्षात ठेवलं होतं. फक्त दोष कुणाच्या माथी मारायचा ते तिनं नंतर ठरवलं.

परतीच्या बसला वेळ होता. वाटेत बाजारात मी पावशेर अक्रोड घेतले होते. ग्रेनोबलचा अक्रोड तिकडं फार मानाचा, 1938 पासून त्याच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. सप्टेंबरात तो ओला मिळतो, साल सोलून खायचा, दुधाळ लागतो. धक्क्यावर बसून आम्ही दोघींनी खाल्ले, आणि दोन टरफलं मी हळूच पाण्यात सोडली.

"मावशी, कचरा काय करतेस!" भाची ओरडली.

म्हटलं, "असू दे गं. हजार वर्षांनी कुणी खोदलं तर कळेल, कऱ्हाडची एक बाई इथं येऊन गेली."

ती बुडतील म्हणून मी वाट बघत होते. बुडाली नाहीत. बस आली तोवर दोन्ही टरफलं तशीच तरंगत होती.

नमस्कार.